जिथं पहिला झोपला तिथून

"टेपचं टोक नीट धरा, वहिनी. भिंतीला टेकवून. आणि मला सांगा, झोपलेल्या माणसांना गोष्ट वाचून दाखवायची, हा कुठला कार्यक्रम?"

"टोक धरलंय. आणि मी सुरू करते तेव्हा जागी असतात सगळी."

"पण संपवता तेव्हा एकही नसतं! पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

"पाणी माझं, घडा माझा. तुमचं काय जातं?"

"खोली जाते! ही अख्खी खोली. दोन्ही भिंतींना संगणक लागतील, मधून ये-जा करायला वाट राहील... टोक, टोक! सोडू नका."

"आणि माझी माणसं कुठं जातील?"

"घरी. पलंग असतात माणसांच्या घरी."

"पलंग असला म्हणजे झोप येते होय? तुमच्याही घरी आहे की. येते?"

भाऊजींनी टेपवरचा आकडा उगाच पुन्हा वाचला. "विषय माझा नाहीये. विषय त्या पोरांचा आहे, जी फाटकाशी उभी राहून मोबाइलवर नोकरीचे अर्ज भरतात. तळहाताएवढा पडदा. स्वतःचं आडनाव लिहितानाही चुकतात बिचारी. त्यांना काय सांगू? हळू बोला रे, आत शिंपीमामा झोपलेत?"

हे मात्र खरं होतं. ती पोरं वहिनींना रोज दिसत, उन्हाला पाठ करून, पडद्यावर हाताची सावली धरून उभी. ती आठवता आठवता त्यांच्या हातून टेपचं टोक सुटलं. पोलादी टेप सळसळत खोलीभर धावली आणि भाऊजींच्या बोटावर फाडकन आपटली.

"आई गं!"

"लागलं?"

"नाही. आनंद झाला." बोट तोंडात घालून भाऊजी म्हणाले. "गावात काय म्हणतात तुम्हाला, माहीत आहे? अंगाईबाई."

"माहीत आहे. नाव तुम्हीच ठेवलंत."

यावर भाऊजींना बोटावर फुंकर घालण्याचं फार मोठं काम निघालं. मग टेप खिशात टाकून ते म्हणाले, "शुक्रवारी समितीची बैठक आहे. मला सांगावं लागेल, हा कार्यक्रम वाचनाचा आहे की..."

"की?"

"की डुलकीचा. आणि डुलकीचा असला तर खोली संगणकांना. मी आज दुपारी येऊन बसणार आहे. स्वतः बघणार. आणि आधीच सांगून ठेवतो, मी काही झोपणाऱ्यातला नाही."

"या की," वहिनी म्हणाल्या. "खुर्ची मात्र येताना घेऊन या. आमच्याकडे मोजक्याच आहेत."

*

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर, आणि वाचनालयाचे कार्यवाह. सगळं आयुष्य लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेलं. निवृत्त झाल्यावर मोजायला जमीन उरली नाही, म्हणून वाचनालय मोजायला घेतलं, असं वहिनी म्हणत. दिवसातून इतक्या वेळा ते "वहिनी, वहिनी" करत ओरडायचे, की ऐकून ऐकून अख्खं वाचनालय त्यांना वहिनीच म्हणू लागलं होतं. त्यांच्याहून वयानं थोरले असलेले शिंपीमामासुद्धा.

वहिनींचं खरं काम पुस्तकं दुरुस्त करण्याचं. सुटलेली पानं शिवायची, पाठीला कापडाची पट्टी लावायची, कुणी चहाचा पेला ठेवून उठवलेला गोल डाग पावाच्या तुकड्यानं हळूहळू पुसायचा. वाचनालय तसं लहान, पण दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं वाचलं तर वाटावं, या इमारतीत गाव राहतं की काय. सकाळी मुलांचा गृहपाठ. अंथरुणाला खिळलेल्यांना सायकलवरून घरपोच पुस्तकं. सोमवारी रक्तदाब मोजून मिळेल. शनिवारी बियांची अदलाबदल. फुलझाडांची बी आणा, भाजीची न्या. आणि सगळ्यांच्या खाली, खडू संपत आल्यासारख्या बारीक अक्षरात: दुपारी वाचून दाखवणे, मागच्या खोलीत.

ते शेवटचं कसं सुरू झालं, ते सांगायचं तर आधी घड्याळवाल्याबद्दल सांगावं लागेल.

घड्याळवाला म्हणजे वहिनींचा नवरा, भाऊजींचा दादा. बाजारातल्या बोळात त्याचं दुकान होतं. भिंती दिसायच्या नाहीत इतकी घड्याळं, आणि कुठल्याच दोघांचं एकमत नाही. एक म्हणे आता सात, दुसरं म्हणे छे, अजून सातला अवकाश आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो त्या भांडणात मान टाकून गाढ झोपायचा. पुढं त्याचा हात थरथरायला लागला. स्क्रू चिमट्यातून निसटून जमिनीवर कुठं जाई ते सापडेना. दुकान बंद झालं, घड्याळं ज्याची त्याला गेली, आणि तो घरी आला. घर गप्प होतं. इतकं गप्प, की त्याला झोपच येईना. रात्र रात्र छताकडे बघत पडायचा. म्हणायचा, "काहीतरी वाजू दे गं. काहीही."

वहिनींकडे वाजणारं काही नव्हतं. दुरुस्तीसाठी घरी आणलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं, नाव नव्हतं, लिहिणाऱ्याचा पत्ता नव्हता. त्यांनी ते उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

गोष्ट अशी होती: एका बाईला तिच्या आत्याकडून एक किल्ली मिळते. किल्ली कुठल्या दाराची, ते सांगायला आत्या उरलेली नसते. मग ती बाई गावोगाव फिरते, दारं बघते, कुलपं बघते, लोकांशी बोलते आणि पुढच्या गावाला निघते. बस, एवढंच. एका पानात पाऊल, दुसऱ्या पानात दुसरं.

घड्याळवाला दुसऱ्या पानावर झोपला.

सकाळी चहा घेताना त्यानं विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?"

"अहो, ती बाई पहिल्या गावात पोचली, तिथल्या लोहारानं किल्ली बघितली, मग..."

"लोहार? माझ्या वेळी तर ती अजून पेटीच उघडत होती. तू पुढे गेलीस का?"

"थोडी गेले. तुम्ही झोपलात ते मला कळायला वेळ लागला."

"ते काही नाही. मी जिथं झोपलो तिथून पुन्हा. मला टाकून पुढं जायचं नाही हं."

तेव्हापासून तो नियम झाला. तो झोपला त्या पानात सकाळी तो स्वतःच खूण घालायला सांगायचा, आणि खूण म्हणून त्यानं काय दिलं, तर घड्याळाचा एक जुना चामडी पट्टा. लहान मुलाच्या मनगटाचा, झिजून मऊ झालेला. गोष्ट गोगलगायीच्या चालीनं चालत राहिली. ऋतू गेले, वर्षं गेली, पट्टा पानापानानं सरकत पुस्तकाच्या शेवटाकडे आला. आणि मग एके दिवशी तोच पुढं निघून गेला. वहिनींना टाकून.

पट्टा त्या पानात तसाच राहिला.

*

घर पुन्हा गप्प झालं, या वेळी वहिनींसाठी. एका दुपारी त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं चिकटवत बसल्या होत्या. बाहेर शिंपीमामा चष्म्याचा नंबर वाढल्याचं सांगत होते. आता अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, म्हणे. वहिनींनी आपोआप ते पुस्तक ओढलं, पहिलं पान उघडलं आणि म्हणाल्या, "मामा, बसा. मी वाचते." शिंपीमामा पहिल्याच वाक्याला घोरले.

मग गणिताच्या बाई आल्या, निवृत्त झालेल्या, ज्यांनी अर्ध्या गावाला पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला छड्या दिल्या होत्या. मग रात्रपाळीची नर्स आली, जिच्या चाळीत दिवसा कुणी ना कुणी भिंतीत खिळे ठोकत असे. मग आणखी काही. बंद पडलेल्या बसथांब्यावरचं बाकडं कुणीतरी ओढत आणलं. शिंपीमामांनी उरल्यासुरल्या कापडाचा पडदा शिवला. ऊन त्यातून आत आलं की खोलीभर निळे, पिवळे, तांबडे चौकोन सांडत. छताला एक जुना पंखा होता. तो फिरताना टक, टक, टक असा आवाज करी. दुरुस्त करणारा माणूस एकदा शिडी घेऊन आला होता. वहिनींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

नियम तोच. शेवटचा माणूस झोपेपर्यंत वाचायचं, आणि दुसऱ्या दिवशी, जिथं पहिला झोपला तिथून सुरू करायचं. म्हणजे कुणाचंच काही चुकायला नको. पहिल्यासाठी वहिनी लाल दोरा घालत. आता पहिले रोज शिंपीमामाच. त्यामुळं दोरा दिवसाला एखाद-दुसरी ओळ सरके, आणि गणिताच्या बाई, ज्या सगळ्यात उशिरा झोपत, त्यांना तीच ती पानं इतक्या वेळा ऐकायला मिळत की एखाद्याला वेड लागावं. बाईंची तक्रार नव्हती. "उजळणी झाली की पक्कं होतं," त्या म्हणत.

पण ओळी ओळीनंही वाट संपतेच. हल्ली लाल दोरा त्या चामडी पट्ट्याच्या जवळ येत चालला होता. दोघांच्या मधे थोडीच पानं उरली होती. आणि वहिनी कुणाच्या नकळत आवाज आणखी मऊ करत होत्या, दोन शब्दांच्या मधे पंख्याची एक टक जाऊ देत होत्या. सगळे जितके लवकर झोपतील तितकं पट्ट्याचं पान लांब राहील. त्या पानापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. शब्द दिला होता.

आता खोलीच गेली, तर तो शब्द कुणापुढं पाळायचा?

*

दुपारी भाऊजी आले. खरंच खुर्ची घेऊन आले, डोक्यावर.

"या साहेब," शिंपीमामा बाकड्यावर अंग चोरत म्हणाले. "झोपायला?"

"तपासायला," भाऊजी म्हणाले. त्यांनी खुर्ची मधोमध ठेवली, ताठ बसले. "सुरू करण्याआधी एक विचारतो. रोज येता, गोष्ट ऐकता. मला सांगा, आजवर गोष्टीत काय झालं?"

"सोपं आहे," शिंपीमामा म्हणाले. "त्या बाईचा कोट हिरवा आहे आणि त्याचं एक बटण तुटलंय. ती ते बटण शोधत हिंडतेय."

"बटण? मी तर ऐकलंय किल्ली आहे म्हणून."

"किल्ली तर आहेच तिच्यापाशी. हरवलंय ते बटण. आपल्याकडे आहे ते कुणी शोधतं का?"

"काहीतरीच तुमचं, मामा!" गणिताच्या बाई म्हणाल्या. "कोट आला कुठून? ती नदी पोहून येते. किल्ली दातात धरून. केस ओले आहेत तिचे, अजून निथळताहेत. मी चांगलं लक्ष देऊन ऐकलंय."

"डोळे मिटून," शिंपीमामा म्हणाले.

"मी डोळे मिटूनच ऐकते. लक्ष लागतं."

"मांजरही डोळे मिटूनच दूध पितं."

"तुम्ही तर दूध तापायच्या आधीच आडवे होता!"

"माझ्या वेळी ना," नर्स जांभई आवरत म्हणाली, "तिला दार सापडतं. पण आतून कुणीतरी हळूच म्हणतं, आत्ता नको, बाळ नुकतंच झोपलंय. मग ती पायरीवर बसून राहते, किल्ली मांडीवर ठेवून. मला तर भरून आलं होतं. घरी जाईपर्यंत तिचाच विचार."

भाऊजींनी वहिनींकडे वळून बघितलं. "यातलं पुस्तकात काय काय आहे?"

"किल्ली आहे," वहिनी म्हणाल्या.

"आणि?"

"बाई आहे."

खोली हसली. भाऊजी हसले नाहीत. "म्हणजे ऐकत कुणीच नाही."

"ऐकतात हो. पण डोळा लागल्यावरही कानात थोडा वेळ चालूच राहतं, त्याला मी काय करू?"

"बरं. करा सुरू. मी बघतो."

वहिनींनी लाल दोऱ्याच्या ठिकाणी पुस्तक उघडलं.

"बाई ज्या गावात शिरली," त्यांनी वाचलं, "त्या गावात कुणीच दाराला कुलूप लावत नसे."

शिंपीमामांची हनुवटी छातीला टेकली. भाऊजी बघतच राहिले. वाक्य धड संपलंही नव्हतं. वहिनींनी लाल दोरा तिथंच राहू दिला आणि पुढं वाचत गेल्या.

त्या गावात दारं नुसती लोटलेली असत, आणि वारा आला की सगळी एकदम आत ढकलली जात, जणू गावानं श्वास घेतला. बाई एकेका घरासमोर उभी राही, आतून कुणी म्हणे, ये, बस. ती आत जाई. पाणी घेई. किल्ली दाखवे. आणि लोक ती उलटीसुलटी करून बघत; त्यांनी किल्ली कधी पाहिलीच नव्हती. एका म्हाताऱ्यानं ती कानाला लावली. एका मुलीनं ती ओंजळीत धरून तिला गोष्ट सांगितली.

पंखा टक, टक करत होता. रंगीत चौकोन जमिनीवरून सरकत बाकड्यावर चढले. नर्स खुर्चीच्या पाठीवर डोकं टाकून झोपली, पायातल्या चपला अगदी व्यवस्थित शेजारी काढून. कोपऱ्यातली माणसं एकेक करून विझत गेली. गणिताच्या बाईंनी एकदा डोळे उघडून "उजळणी" असं काहीसं म्हटलं, आणि मग त्यांचाही श्वास लांब झाला.

रोज इथं वहिनी थांबत. आजही थांबल्या. पुस्तक मिटायला बोट काढलं.

"मी जागा आहे," भाऊजी हळू आवाजात म्हणाले.

खरंच जागे होते. ताठ बसलेले नव्हते आता. कोपर गुडघ्यांवर टेकवून, हनुवटी मुठींवर ठेवून बसले होते. डोळे उघडे होते, लाल, अनेक रात्री न झोपलेले. नियम तर नियम. शेवटचा झोपेपर्यंत वाचायचं.

वहिनी वाचू लागल्या. आवाज मऊ केला. आणखी मऊ केला. शब्दांच्या मधे पंख्याचा एक नाही, दोन दोन ठोके जाऊ दिले. पान उलटलं. भाऊजी जागे. आणखी एक उलटलं. बाई उघड्या दारांच्या गावातून चालत होती, चालत होती, आता संध्याकाळ होत आली होती तिथं, आणि भाऊजी जागेच. एवढं ऐकणारं माणूस वहिनींना आजवर भेटलं नव्हतं. पुस्तक इतक्या वेगानं चाललं होतं की त्यांना गाडीत बसल्यासारखं गरगरलं.

"गल्लीच्या टोकाला," त्यांनी वाचलं, "एकच दार बंद होतं."

आणि पानाच्या त्या शेवटच्या ओळीखाली तो पट्टा होता.

वहिनींचं बोट तिथंच थांबलं.

"काय झालं?" भाऊजी खुर्ची ओढत जवळ आले. मग त्यांनी ते बघितलं. हात पुढं केला, पण लावला नाही. "हा... हा माझा आहे."

"तुमचा? हा दुकानातून आणला होता तुमच्या दादांनी."

"मला पहिलं घड्याळ त्यानंच दिलं. मी केवढासा होतो. पट्टा मनगटात फिरायचा नुसता. मग त्यानं दाभणानं एक जादा भोक पाडलं. बघा, शेवटून आतलं. वाकडं आहे." भाऊजींनी बोटानं दाखवलं. भोक वाकडं होतं. "नोकरी लागल्यावर मी नवीन घेतला. हा टाकून दे म्हणालो त्याला. त्यानं ठेवला होय?"

त्या वाकड्या भोकावरून वहिनींनी हजारदा बोट फिरवलं होतं, आणि ते कुणाचं हे त्यांना आज कळत होतं.

"इथं थांबलायत का तुम्ही? इतकी वर्षं?"

"इथं ते झोपले होते. मग सकाळी कुणी विचारलंच नाही, कुठवर आलो होतो म्हणून."

पंखा वाजत राहिला. शिंपीमामा झोपेत काहीतरी टिपत असल्यासारखे बोटं जुळवत होते.

"मला टाकून पुढं जायचं नाही, म्हणाले होते," वहिनी म्हणाल्या. "मी हो म्हटलं होतं."

भाऊजींनी पट्ट्यावरून हळूच बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्याला टाकून कुठं? इथंच तर आहे तो, पानात. आणि मी मागितल्यावर त्यानं कधी नाही म्हटलंय? म्हणेल, धाकट्याला ऐकू दे." थोडं थांबून, अगदी लहान आवाजात त्यांनी पुन्हा म्हटलं, "मी जागा आहे, वहिनी."

वहिनींनी पट्टा उचलला. तो मांडीवर ठेवला. पान उलटलं.

नव्या पानाला हात लागलेलाच नव्हता; ते जरा ताठ होतं, कडेला चिकटलेलं. वहिनींचा आवाज बदलला. आतापर्यंत तो ओळखीच्या खोलीत अंधारात चालावं तसा चालत होता. आता त्याला पुढची पायरी माहीत नव्हती, आणि तो चाचपत, मधेच थांबत निघाला. खोलीतलं ऊन पिवळं झालं. वहिनींना वाटलं, गल्लीतून त्या एकट्या चाललेल्या नाहीत. मागून कुणाच्यातरी ओल्या केसांचं पाणी फरशीवर टपटपतंय. कुणीतरी चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता येतंय. आणि एक माणूस अगदी शेजारून, खिशात घड्याळं वाजवत.

"दार जवळ आलं," त्यांनी वाचलं. "साधं लाकडी दार होतं. पायरीवर धूळ होती, आणि धुळीत एक बटण पडलं होतं. हिरवं."

वहिनी थांबल्या. भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी शिंपीमामांकडे बघितलं. मामा तोंड उघडं टाकून निवांत झोपले होते.

"यांना कसं कळलं?" भाऊजी कुजबुजले.

"मला काय ठाऊक? इथवर मीच आज आले."

"पुन्हा वाचा ते."

"हिरवं," वहिनींनी पुन्हा वाचलं.

"पुढं. पुढं वाचा."

बाईनं बटण उचललं, पुसलं, मुठीत धरलं. दाराला कान लावला. आत काहीतरी हललं, किंवा तिला तसं वाटलं. तिनं किल्ली काढली. इतक्या गावांच्या हवेनं ती काळी पडली होती. तिनं ती कुलपात घातली. किल्ली आत गेली, कुठंच अडली नाही. तिनं हळूच फिरवली, आणि...

बाहेर घंटा झाली. वाचनालयाची दुपारची वेळ संपली की शिपाई दारातली पितळी घंटा वाजवी, आणि ती वाजवताना सगळं बळ एकवटे. खोली दचकून जागी झाली. खुर्च्या करकरल्या. नर्सनं पायानंच चपला शोधल्या. वहिनींनी पुस्तक मिटलं होतं, एक बोट आत ठेवून.

"अहो!" भाऊजी उभे राहिले. "फिरली का किल्ली?"

"घंटा झाली, भाऊजी."

"एक ओळ! एकच ओळ!"

"काय झालं, काय झालं?" शिंपीमामा चष्मा शोधत विचारत होते. "कुठवर आलो?"

"मामा, तुमचं बटण..." भाऊजी सुरू झाले.

"ए, ए!" गणिताच्या बाईंनी त्यांना वर्गातल्यासारखं बोट दाखवलं. "पुढचं सांगायचं नाही. जो जागा राहील त्यानं तोंड मिटून बसायचं. नियम आहे."

"ठीक आहे, ठीक आहे. मग उद्या. उद्या इथूनच ना?"

भाऊजींची कीव यावी तसे सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"उद्या," बाई म्हणाल्या, "जिथं पहिला झोपला तिथून."

"पहिला कोण..." भाऊजींनी मान वळवली. शिंपीमामा संकोचून पडद्याची कड चाचपत होते.

"मी काही फार झोपलो नाही बरं का साहेब. ती बाई त्या गावात शिरली, तिथवर सगळं नीट ऐकलं."

"पहिलंच वाक्य होतं ते!"

"चांगलं होतं वाक्य."

भाऊजींचे ओठ हलू लागले. आयुष्यभर मोजणी केलेला माणूस. दिवसाला एक ओळ, कधी दोन, आणि तिथून त्या दारापर्यंत किती पानं, हे त्यांनी मनातल्या मनात मोजलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, पण बैठक शुक्रवारी आहे."

शिंपीमामांनी चष्मा नाकावर चढवला.

"वहिनी, पुस्तक एक रात्र घरी मिळेल का? नाहीतरी मी जागाच असतो."

"दुरुस्तीतलं पुस्तक दुरुस्त करणाऱ्याशिवाय कुणाला देता येत नाही. ठराव तुमच्याच समितीचा आहे."

"आता माझाच ठराव माझ्या डोक्यावर मारा!" भाऊजींनी खिशातून टेप काढली. बाकड्यापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून खिडकीपर्यंत बघितलं. "सकाळी कोण असतं या खोलीत? कुणी नाही ना? एका भिंतीला जर संगणक ठेवले... त्या पोरांना सकाळी... आणि दुपारी खुर्च्या मधे... बाकडं जरा तिरकं केलं तर... मामा, उठा बरं. टोक धरा."

शिंपीमामांनी टोक धरलं. गणिताच्या बाई आकडा मोठ्यानं वाचू लागल्या. नर्स दारात रेंगाळली.

वहिनींच्या मांडीवर पट्टा होता. त्यांनी तो उचलला. जुनं पान शोधलं नाही. जिथं बोट होतं, त्या कुलपाच्या, किल्लीच्या ओळीवर, तिथं त्यांनी तो ठेवला, वाकडं भोक वर येईल असा, आणि पुस्तक हळूच दाबून मिटलं. लाल दोरा कितीतरी मागं लोंबत राहिला.

"वहिनी," टेप तशीच ताणून धरत भाऊजींनी विचारलं, "एवढं तरी सांगा. दार उघडलं असेल ना?"

वहिनी पुस्तक काखेला लावून उठल्या, टेपखालून वाकून गेल्या, आणि दाराबाहेर पडल्या.